हाक मारून थांबायचं

माझा आवाज मोठा आणि धीर अगदी तोकडा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं, आणि तयार झालेलं उत्तर तोंडात धरून ठेवणं मला आजही जमत नाही. आम्ही पाच भावंडं, मी चौथी. तळेगावच्या आमच्या दोन खोल्यांत जो थांबला तो उपाशी राहिला, असा कायदा होता. थांबलात तर भाकरीही गेली आणि बोलायची पाळीही. अशा बाईने ऐन उमेदीची दोन वर्षं अशा एका यंत्रापायी घालवावीत, की ज्याचं थांबल्याशिवाय पानच हलत नाही, याला काय म्हणावं? मी तर म्हणते, देवाला चेष्टा करायची लहर आली होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पुण्यात शिकून मी एका सरकारी खात्यात इंजिनिअर म्हणून लागले होते. आमच्या गटाचं काम सांगायला सोपं होतं: उपग्रहामार्फत बोलणारं टेलिफोनचं केंद्र जीपमध्ये बसवायचं. पूर आला, वादळ झालं की सगळ्यात आधी तारांचे खांब आडवे होतात, आणि मदत मागायची तेव्हाच फोन मुका होतो. अशा वेळी जीप न्यायची, तिच्यातली घडीची तबकडी उघडून आकाशाकडे नेम धरायचा आणि बोलायला लागायचं. आई शेजारणींना सांगायची, "आमची रेडिओ दुरुस्त करते, सरकारी." एकदोनदा तिला समजावायला गेले, मग म्हटलं जाऊ दे, रेडिओ तर रेडिओ.

जीप म्हटली की सगळं मापात आलं. तबकडी लहान, बॅटऱ्या मोजक्या. लहान तबकडीतून आवाज वर पोचवायचा तर वीज भरपूर लागते, आणि नेमकी तीच आमच्याकडे नव्हती. त्यावर मी तोडगा काढला होता. माणूस बोलत असेल तेवढाच वेळ यंत्राने वर लहरी पाठवायच्या, तो गप्प झाला की आपोआप बंद व्हायचं. फोनवर माणूस निम्म्याहून जास्त वेळ नुसता ऐकत असतो म्हणे. माझा अनुभव वेगळा आहे, पण पुस्तकात तसं लिहिलं होतं. आवाजाने उघडणारा आणि शांततेने मिटणारा हा स्विच मी स्वतःच्या हातांनी बांधला होता. बॅटऱ्या त्याच्यामुळे दुप्पट पुरत.

खोड एकच होती. आवाज आला हे कळायला स्विचला क्षणभर लागायचं, आणि तेवढ्यात पहिलं अक्षर गिळलं जायचं. 'मदत पाठवा' म्हटलं की पलीकडे 'दत पाठवा' पोचायचं. आमच्या साहेबांना हे अजिबात खपत नव्हतं. साहेब म्हणजे करड्या मिशांचे, मोजकं बोलणारे, शुद्ध भाषेचे गृहस्थ. ते म्हणाले, "मावळात चाचणी होईल. तिसऱ्या दिवशी समिती स्वतः बोलून बघेल. त्यांना पसंत पडला तर तुमचा स्विच राहील, नाहीतर निघेल."

निघेल म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. स्विच गेला की बॅटऱ्या पुरणार नाहीत. मग मोठा जनरेटर आला, आणि तो वाहायला जीप पुरत नाही, ट्रक लागतो. अहो, ट्रक जिथे जातो तिथे तारा आज ना उद्या जातातच की! जिथे ट्रक जात नाही, तिथल्या माणसांसाठी तर हा सगळा खटाटोप होता. त्या तीन दिवसांवर माझी दोन वर्षं टांगली होती, आणि मी फार चिडचिड करत होते.

मावळ मीच सुचवला होता. साहेबांना दोन अशा जागा हव्या होत्या, की ज्या नकाशात शेजारी आहेत पण मधल्या डोंगरांमुळे एकमेकींना दिसत नाहीत. मी म्हटलं, माझ्या तालुक्यात या, अशा जागा पैशाला पासरी आहेत. एक जीप साहेबांनी तुंगार्लीला तळ्याकाठी लावली, समितीची उतरायची सोय तिथल्याच एका बंगल्यात होती. दुसरी मी आणि आमचे ड्रायव्हर धरणाच्या वरच्या अंगाला, एका उघड्या पठारावर घेऊन गेलो. दिवाळी होऊन गेली होती. खाली खळ्यांवर भाताची झोडणी चालली होती आणि सगळ्या अंगाला भाताचं कूस चिकटून नुसती खाज सुटायची.

ड्रायव्हर मावळातल्याच उर्से गावचे. वयाने वडील, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायची. पहिल्या दिवशी मी जीपच्या लोखंडापासून शंभर पावलं लांब गेले, होकायंत्र धरून दिशा घेतली, ओळंबा लावून उंची मोजली. नैर्ऋत्येला, तुंग किल्ल्याच्या शेंड्याच्या जरा डावीकडे, अर्ध्या आकाशाच्या थोडं वर. भाऊ डोळ्यांवर हात धरून बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"बाई, तुमचा उपग्रह हाये कुटं? दिसत तर न्हाई."

"असतो तिथेच, भाऊ. जागचा हलत नाही."

"हलत न्हाई? मंग सरकारीच हाये," भाऊ म्हणाले आणि बिडी पेटवायला वळले.

नेम झकास लागला. सिग्नल मोजणारा काटा असा चढला, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. तबकडी, बॅटऱ्या, वाऱ्यात उभं राहणं, सगळ्यात आमची जीप पहिल्या नंबरने पास झाली. मग बोलायची वेळ आली.

त्याची रीत अशी होती: कागदावरची वाक्यं एकाने वाचायची, दुसऱ्याने ऐकून पाचपैकी गुण द्यायचे. आता गंमत ऐका. लहान तबकडीला लहान तबकडीचं ऐकू जात नाही, तेवढा जोर तिच्यात नसतो. म्हणून आमचा शब्द आधी उपग्रहावर, तिथून खाली दूरच्या एका मोठ्या केंद्रावर, तिथून पुन्हा उपग्रहावर आणि मग तुंगार्लीला पोचायचा. डोंगरावरून चालत तीन-चार कोसांचं अंतर, आणि त्यासाठी शब्दाने दोनदा आकाशात जाऊन यायचं! जायला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त, उत्तर यायला तेवढंच. प्रश्न विचारला की सव्वा सेकंद नुसता शुकशुकाट. सव्वा सेकंद म्हणजे काय हे ज्याला मोठं वाटत नसेल, त्याने बायकोला प्रश्न विचारून तेवढा वेळ उत्तराची वाट बघावी.

मी 'हॅलो' म्हटलं, ते 'लो' होऊन पोचलं. उत्तर येईना म्हणून मी लगेच पुन्हा बोलले, तेवढ्यात साहेबांचं पहिलं उत्तर आलं, ते माझ्या बोलण्यात चेंगरलं. साहेब थांबले. मीही थांबले. मग दोघंही एकदम बोललो. त्यात भर म्हणजे पलीकडच्या रिसीव्हरमधून माझाच आवाज सेकंदाने परत माझ्या कानात यायचा, आणि आपलंच वाक्य ऐकून माणूस मध्येच अडखळतो.

"तुम्ही बोला," साहेब म्हणाले.

"नाही, तुम्ही बोला."

"अहो, मी तेच म्हणतोय, तुम्ही..."

"काय म्हणालात?"

"...बोला!"

साहेबांनी पाचपैकी दोन गुण दिले. 'दो' गिळला गेल्यामुळे मला नुसतं 'न' ऐकू आलं असं मी म्हटलं असतं, पण नाही, तेवढा शब्द मात्र अगदी खणखणीत पोचला. वर ते म्हणाले, "एवढा उशीर असताना त्यात तुमचा स्विच अक्षरं खातो. उशिराला आपण काही करू शकत नाही. स्विचला करू शकतो." मला रडू आलं. रागाने येतं तसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी स्विचचा स्क्रू पिळत बसले. उजवीकडे फिरवला की वाऱ्याच्या झुळकेने आणि भाऊंच्या खोकल्यानेही स्विच उघडायचा, म्हणजे बॅटरी फुकट. डावीकडे फिरवला की शब्दाचं मुंडकं उडायचं. दुपारपर्यंत मी भाऊंना दोनदा खोकल्यावरून बोलले, एकदा बिडीवरून, आणि शेवटी हातातली पक्कड लांब भिरकावून दिली.

भाऊंनी शांतपणे जाऊन पक्कड उचलून आणली. "रागानं वीज वाढत असती ना बाई, तर समद्या मावळाला तुमीच दिवं लावलं असतं. डबा खावा आता."

आमच्यासाठी पिण्याचं पाणी आणून देणाऱ्या एक मावशी होत्या. पठाराला लागून डोंगरात त्यांची आठ-दहा घरांची वाडी होती. जन्मापासून डोंगरातल्या, काटक, कपाळावर गोंदण, वय पन्नास असेल किंवा पासष्ट, सांगता येत नव्हतं. सकाळी खाली खळ्यावर झोडणीला जायच्या आणि जाता-येता आमचा हंडा भरून ठेवायच्या. आम्ही डबा उघडला तेव्हा त्या हंडा ठेवून कड्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मधे खोल दरी, पलीकडच्या उतारावर त्यांचे यजमान गुरं घेऊन गेलेले. झाडीत ते मला ठिपक्याएवढेही दिसत नव्हते.

मावशींनी तोंडाशी हात धरला आणि कुकारा घातला. "कूऽऽ!"

आणि थांबल्या. नुसत्या उभ्या. दरीने त्यांचा आवाज परत आणून दिला, तोही त्यांनी जाऊ दिला. मग पलीकडून बारीकसं "कूऽऽ" आलं. तेव्हा कुठे मावशी बोलल्या, एकेक शब्द लांबवून, मधे कुठे तुटू न देता. "म्हस सुटलीऽऽ वरल्या अंगालाऽऽ गेलीयाऽऽ बगाऽऽ होऽऽ!" आणि परत थांबल्या. अगदी निवांत, कुठे काही घाई नाही. उत्तर आलं, त्याच्याही शेवटी "होऽऽ" होतं. मावशी वळल्या, हंड्यावर झाकण ठेवलं.

माझा घास हातात तसाच राहिला. घड्याळाकडे बघायची मला खोड होती, तसं मी बघितलं होतं. हाक गेल्यापासून उत्तर येईपर्यंत दोन सेकंदांच्याही वर गेले होते. आमच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उशीर, प्रतिध्वनी आमच्यापेक्षा मोठा, वर वारा! आणि दोघांपैकी कुणीही कुणाच्या बोलण्यात पाय घातला नव्हता, की एक अक्षर वाया गेलं नव्हतं. मला आधी माझ्या दोन वर्षांची लाज वाटली. मग एकदम एवढं हसू आलं, की भाऊंनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मावशी, इकडे या. हे तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय क्येलं? हाळी दिली. म्हस सुटली."

"पण आधी नुसतं कू का?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण भात कसा शिजवतात विचारणाऱ्याकडे बघू. "आदी हाक, मंग बोल. डोंगराला आदी जागं करावं लागतंय, बाय. हाकंत काय ठिवायचं न्हाई. ती वाऱ्यानं खाल्ली तरी चालती."

ती वाऱ्याने खाल्ली तरी चालते! मी दोन वर्षं स्विचने अक्षर खाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होते. त्याला खायला एक फुकटचं अक्षर द्यावं, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. 'कू'ने स्विच उघडला की मिटायला त्याला काही सेकंद लागत, तेवढ्यात बोलायला लागलं की पुढचं सगळं अक्षर न अक्षर जाणार. शब्द लांबवत राहिलं की तो मधे मिटणार नाही. 'होऽऽ' म्हटलं की पलीकडच्याला कळणार, आता पाळी माझी.

"आणि आपलाच आवाज परत येतो तेव्हा?"

"येतू की. त्येला जाऊ द्यायचं. मंग दुसऱ्याचं ऐकायचं. मदी बोलायचं न्हाई."

"आणि घाई असली तर?"

"घाई हाय म्हून तर थांबायचं," मावशी म्हणाल्या.

भाऊ माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

रिसीव्हर दाखवून मी मावशींना सांगितलं, की उद्या यात अशीच हाळी द्यायची, पलीकडचा माणूस तुंगार्लीच्या तळ्यापाशी आहे, तो ऐकेल. मावशींनी रिसीव्हर उलटसुलट करून पाहिला.

"तुंगार्लीला? तितं माजी भन हाये."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. धाकटी बहीण समोरच्याच उतारावर, खालच्या अंगाला दिली होती. रोज सकाळी भाकरी टाकून झाली की दोघींनी एकमेकींना हाळी द्यायची. विशेष काही नाही, भाकरी झाली का, पोर उठलं का, एवढंच. मग धरणाचं पाणी चढलं. बहिणीची वाडी पाण्यात गेली आणि तिची माणसं पार दोन डोंगरांपलीकडे, तुंगार्लीच्या मागे जाऊन राहिली. बहीण आता तिथल्याच बंगल्यांमधून धुणीभांडी करत होती.

"भेटता की नाही?"

"भेटतो की, शिमग्याला. लेकरांच्या लग्नाला. पन रोजची हाळी ग्येली. दोन डोंगार मदी आल्यावर काय करनार?" मावशींचा सूर तक्रारीचा नव्हता. हंड्याला भोक पडलं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी साहेबांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं "साहेऽऽब" म्हटलं आणि एक श्वास थांबले. मग मनातलं सगळं एका दमात सांगितलं: उद्या समितीपुढे दोन बायका बोलतील, एक इथून, एक तिथून, तिथली बंगल्यांमध्ये धुणीभांडी करते, तिला शोधून आणा. आणि मग मी तोंड बंद ठेवलं. दाताखाली ओठ धरावा लागला, पण ठेवलं.

सव्वा सेकंद गेला. "आज तुमच्या निरोपाचं पहिलं अक्षर ऐकू आलं," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "पण ही चाचणी आहे, हळदीकुंकू नव्हे."

"साहेऽऽब, चाचणीच्या कागदावर तुमच्याच सहीने लिहिलंय, की बोलणारी माणसं अप्रशिक्षित हवीत. पुरात अडकलेली माणसं आधी आपल्याकडे शिकायला येणार नाहीत. तुम्ही आणि समिती तर चांगलेच प्रशिक्षित आहात."

या वेळी सव्वा सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ गेला. "बंगला कोणता?" साहेबांनी विचारलं.

तिसऱ्या दिवशी समितीतले एक जण आमच्या पठारावर आले आणि दोघं तुंगार्लीला साहेबांपाशी थांबले. आधी ते आपापसात बोलले. काय सांगू! तिघंही हुशार, तिघांनाही बोलायची सवय आणि तिघांनाही ऐकून घेतलं जाण्याची. "लो?" "हॅलो?" "हां, बोला." "तुम्ही बोला." "मी बोलतोय." "कोण बोलतंय?" पाच मिनिटांत आमच्याकडच्या गृहस्थांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात असा दिला, जसा कुणी फाटका जोडा परत देतं. "बाई, यंत्र चांगलं आहे. पण हा स्विच काही कामाचा नाही."

मी म्हटलं, "आणखी एकच बोलणं ऐकून घ्या."

मावशी धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर हातात घेतला, आधी नैर्ऋत्येला तबकडीच्या तोंडाकडे बघितलं आणि मग पाठ वळवून तुंगार्लीच्या दिशेला तोंड केलं. मी अडवणार होते, म्हटलं राहू दे.

"कूऽऽ!"

काटा पार टोकाला जाऊन आपटला. आणि मावशी थांबल्या. बाजूच्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज परत आला, त्यांनी पापणीही हलवली नाही.

"कूऽऽ!" तिकडून आलं. बारीक, पण स्वच्छ.

मावशींचा हात एकदम खाली आला. रिसीव्हर सुटतोय की काय असं मला वाटलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "भाकरी झाली काऽऽ? होऽऽ!"

थांबल्या. पठारावर आम्ही सगळेच थांबलो होतो. भाऊंनी खोकला तोंडात धरून ठेवला होता.

"झालीऽऽ! दोन घरची भांडी पन झालीऽऽ! अक्काऽऽ, आपला आंबा दिसतूया का गंऽऽ? होऽऽ!"

मावशींनी कड्याच्या टोकाला जाऊन खाली बघितलं. रिसीव्हरची तार ताणली गेली, मी जीपच्या दारातून ती सोडत गेले. खाली धरणाचं पाणी काठोकाठ भरलं होतं आणि बहिणीच्या बुडालेल्या वाडीच्या जागी एका झाडाचा फक्त शेंडा पाण्याबाहेर होता. तो शेंडा मी तीन दिवस रोज बघत होते, आणि मला तो झुडूप वाटला होता.

"दिसतूयाऽऽ! गळ्यापत्तुर पानी हायऽऽ, पन दिसतूयाऽऽ! होऽऽ!"

त्या दोघी किती वेळ बोलल्या, मी मोजलं नाही. कोण आजारी, कुणाचं बारसं, कुणाची शेळी व्याली. एकही शब्द तुटला नाही, एकदाही दोघी एकदम बोलल्या नाहीत. शेवटी आमच्याकडच्या गृहस्थांनी रिसीव्हर मागून घेतला आणि तुंगार्लीला विचारलं, "या बायकांना किती दिवस शिकवलंत?"

"एकही दिवस नाही," साहेबांचं उत्तर आलं. "नियमाप्रमाणे अप्रशिक्षित आहेत."

गृहस्थांनी कोट सारखा केला, घसा साफ केला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "कू." भाऊंनी पटकन जीपमागे जाऊन हसून घेतलं. गृहस्थांनी इमानाने वाट बघितली. तुंगार्लीहून तितकंच गंभीर "कू" आलं. त्यानंतर ते दोघे दहा मिनिटं बोलले, एकदाही 'तुम्ही बोला' म्हणावं लागलं नाही, आणि जाताना पाचपैकी चार गुण लिहून गेले. स्विच राहिला. जीप जीपच राहिली. आणि आमच्या प्रत्येक गाडीत पुढे जो सूचनांचा कागद चिकटवला गेला, त्याची पहिली ओळ होती: आधी हाक द्यावी, मग मजकूर सांगावा, मग थांबावे.

मी पठारावर एकटीच नाचले म्हटलं तरी चालेल. भाऊंनी खालच्या खळ्यावरून गूळ आणला. मावशींच्या हातावर गूळ ठेवला, तो त्यांनी पदराला बांधला आणि विचारलं, "मंग उद्या कवा लावशील?"

"काय?"

"ह्ये. उद्या सकाळच्याला कवा लावशील? म्हंजी भाकऱ्या बिगीनं टाकीन."

उद्या उजाडता जीप परत निघायची होती. बॅटऱ्या उतरवून ठेवायच्या, पेट्या बांधायच्या, सगळं ठरलेलं होतं. मावशी तशाच उभ्या होत्या. उत्तर यायला वेळ लागतो, हे त्यांना माहीतच होतं.

मी जीपमध्ये चढले आणि रिसीव्हर उचलला. "साहेऽऽब. धुक्यातली एक चाचणी राहिली आहे. उद्या सकाळी करावी म्हणते. तिकडे त्या बाईंना पुन्हा बोलवावं लागेल. होऽऽ."

थांबले.

"धुक्याने आपल्या लहरींना काही होत नाही," साहेब म्हणाले. "हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही." मग नुसता शुकशुकाट. मी बोलले नाही. शपथेवर सांगते, बोलले नाही. मग आवाज आला, "पण चाचणी केलेली बरी. होऽऽ."

दुसऱ्या दिवशी धुकं कुठे नव्हतंच, लख्ख ऊन पडलं होतं. दोघी बहिणी भाकरी टाकून आल्या आणि पोटभर बोलल्या. मी वहीत लिहिलं: आवाज स्वच्छ. बोलणं झाल्यावर मावशींनी रिसीव्हर पदराने पुसून माझ्या हातात दिला, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या दिवशी मात्र 'उद्या कवा' असं त्यांनी विचारलं नाही.

आम्ही घाटाचं पहिलं वळण उतरलो आणि वरून हाळी आली. "कूऽऽ!"

मी न सांगता भाऊंनी इंजिन बंद केलं. मी खाली उतरले, तोंडाशी हात धरले. कुकारा मला काही साधला नाही, चिरकाच निघाला, पण घातला आणि मी थांबले. माझाच आवाज डोंगरावरून परत आला, तो जाऊ दिला. मग वरून, लांबून, मावशींचं "होऽऽ" आलं.

किती सेकंद लागले ते मात्र सांगता येणार नाही. घड्याळ बघायचं राहूनच गेलं.